इम्प्लांटच्या दाताशेजारी फट पडते आणि घास अडकतो: कारण कसं ओळखायचं, उपाय काय करायचा

इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात रोवलेली धातूची खुंटी आणि तिच्यावरचा कृत्रिम दात (कॅप), बसवून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. चावायला त्रास नाही, दुखत नाही, दात आपलाच आहे असं वाटायला लागलेलं असतं. आणि मग तक्रार येते: "डॉक्टर, पहिलं काहीच नव्हतं, आता कॅपच्या बाजूला सारखं गुतायलंय." मेथीची भाजी खाल्ली की पान अडकतं, मटणाचा धागा बसतो, आणि हुरड्याचे दिवस आले की विचारूच नका. ज्वारीच्या कोवळ्या दाण्याचं साल त्या फटीत जाऊन बसलं की चुळा भरून निघत नाही. मग टाचणी, आगकाडी, पोराच्या कंपासातलं कर्कटक, हाताला लागेल ते तोंडात जातं.

परभणीत दवाखाना चालवताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकते की एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. रुग्ण बहुतेक वेळा निष्कर्ष काढूनच आलेला असतो: एक तर इम्प्लांट ढिला झाला, नाहीतर डॉक्टरनं कॅप नीट बसवली नाही. कधी कधी ते खरं असतंही. पण आधी नसलेली आणि नंतर पडलेली फट असेल, तर बहुतेक वेळा इम्प्लांट जागच्या जागी असतो आणि शेजारचा आपला मूळचा दात तिथून सरकलेला असतो. हे समजलं की घाबरून इम्प्लांट काढून टाकायला निघालेला माणूस थांबतो, आणि 'चालतंय की' म्हणून बसून राहिलेला माणूस दवाखान्यात येतो. मला दोघांनाही गाठायचं आहे.

आधी फट कुठली ते ओळखा

मेडिकलवर फ्लॉस मिळतो, दातांच्या मधून फिरवायचा मेणाचा धागा. हातभर धागा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, आरशासमोर उभे राहा आणि आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दोन दाढांमध्ये तो हळूहळू दाबत खाली न्या. दात जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे धागा अडतो, थोडा जोर लावल्यावर 'टक्' करून खाली जातो. ते 'टक्' म्हणजे दातांचा सांधा शाबूत आहे. आता तोच धागा इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला घाला, मग मागच्या बाजूला. कुठे अडलाच नाही, सरळ खाली गेला, तर तिथला सांधा सुटलाय. आम्ही दवाखान्यात हेच धाग्यानं आणि ५० मायक्रॉन जाडीच्या धातूच्या पट्टीनं तपासतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाच्या जाडीएवढीही फट नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण घासाला ती बरोबर सापडते.

धागा नीट 'टक्' करतोय आणि तरीही अडकतंय, तर गोष्ट वेगळी. वर सांधा घट्ट असून खाली हिरडीजवळ तिकोनी भोक असतं. हिरडी खाली सरकलेली असते, किंवा इम्प्लांटचा बुंधा मूळ दाढेपेक्षा बारीक असल्यामुळे कॅप खाली निमुळती होत जाते. तिथे अन्न बाजूनं, गालाच्या किंवा जिभेच्या अंगानं शिरतं. त्यावर सांधा भरून उपयोग नाही, तिथे बारीक ब्रशनंच काम होतं.

कॅप बोटानं दाबून हलते का तेही पाहा. हलत असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्या बाजूनं चावणं आजच थांबवा आणि दवाखाना गाठा. बऱ्याचदा आतला स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा आवळता येतो. पण तसंच चावत राहिलात तर तो आत तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं हे फार किचकट काम आहे. कॅप घट्ट आणि शेजारचा दात हलतोय, तर हिरडीचा आजार, म्हणजे लोक ज्याला पायरिया म्हणतात तो, आधी बघावा लागतो.

आणि फट पहिल्या दिवसापासूनच असेल तर ती कॅप बनवणाऱ्या लॅबच्या किंवा बसवण्याच्या कामातली उणीव आहे. 'बसेल हळूहळू' असं कुणी सांगितलं तरी पटवून घेऊ नका, ती आपोआप भरत नाही. त्याच आठवड्यात परत जा आणि दुरुस्त करून घ्या.

नंतर फट का पडते

मूळ दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताची मुळं आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. त्याच्यामुळे दात चावताना किंचित दबतो, आणि त्याच्याचमुळे तो जन्मभर सरकूही शकतो. तारा लावून वेडेवाकडे दात ओळीत आणता येतात ते या पडद्याच्या जोरावर. इम्प्लांटला हा पडदा नसतो. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीचा पायाच हा की हाड टायटॅनियमला थेट धरतं, मध्ये काहीच नसतं. म्हणून चावताना मूळ दात सरळ खाली २५ ते १०० मायक्रॉन दबतो, आणि इम्प्लांट जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. त्याची ही पकड इतकी पक्की असते की तारा लावणारे डॉक्टर इम्प्लांटचाच आधार घेऊन बाकीचे दात ओढू शकतात.

आता दुसरी बाजू. आपले दात मागून पुढे, म्हणजे अक्कलदाढेकडून समोरच्या दातांकडे, आयुष्यभर कणाकणानं सरकत असतात. चावण्याचा दाब सरळ खाली जात नाही, त्याचा थोडा भाग दातांना पुढे ढकलतो. दात एकमेकांना घासून सांध्यावर झिजतात आणि झिजले की पुढे सरकून पुन्हा टेकतात. हिरडीतले तंतू एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत गेलेले असतात, तेही ओढ लावतात. म्हणूनच साठीतल्या माणसाचेही दात झिजलेले असून एकमेकांना चिकटलेले दिसतात. या रांगेत आपण इम्प्लांट बसवतो. रांग हळूहळू पुढे सरकतेय आणि मधला एकच जण खांबाला बांधलेला, तशी त्याची गत होते. पुढचा दात पुढे निघून जातो, इम्प्लांट जिथला तिथे राहतो, आणि मध्ये फट पडते.

फट बहुतेक वेळा इम्प्लांटच्या पुढच्या बाजूलाच का, याचं उत्तर यातच आहे. मागची दाढ पुढे येऊन इम्प्लांटला टेकते, त्यामुळे मागचा सांधा टिकून राहतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त गमावली जाते ती पहिली मोठी दाढ. ती सहाव्या वर्षी येते, आईबाप तिला दुधाची समजून दुर्लक्ष करतात, आणि तिशीच्या आत ती किडून जाते. तिथे इम्प्लांट बसतो आणि त्याच्या पुढची छोटी दाढ सरकते. घास अडकतो तो नेमका या दोघांच्या मध्ये.

हे किती जणांना होतं? वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये इम्प्लांटच्या शेजारचा सांधा सुटण्याचं प्रमाण ३४ ते ६६ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे, आणि कॅप बसवल्यानंतर तीन महिन्यांतसुद्धा तो सुटलेला दिसला आहे. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. माझं स्पष्ट मत आहे की इम्प्लांट बसवण्याआधी हे प्रत्येक रुग्णाला सांगितलंच पाहिजे. 'जन्मभराचं काम' असं सांगून पैसे घ्यायचे आणि दोन वर्षांनी तो माणूस फट घेऊन आला की 'असं होतंच' म्हणायचं, हे मला पटत नाही.

काही तोंडांत हे जास्त वेगानं होतं. पुढच्या छोट्या दाढेच्याही पुढे एखादा दात पडलेला असेल तर तिला सरकायला मोकळी जागाच मिळते. रात्री दात खाण्याची सवय असेल किंवा दिवसभर सुपारी चघळायची सवय असेल तर दात सपाट झिजलेले असतात आणि दाबही जास्त असतो. विरुद्ध जबड्यातल्या दाढेचं एखादं टोकदार शिखर नेमकं सांध्यावर येत असेल तर प्रत्येक घासाला ते पाचर ठोकल्यासारखं काम करतं आणि अन्नही खाली दाबतं. असं टोक किंचित गोल केलं तरी कितीतरी जणांचं अडकणं निम्म्यावर येतं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याचदा करायचं राहून जातं.

दुखत नाही म्हणून थांबू नका

अडकलेलं अन्न शेजारच्या दाताच्या मुळाशी बसतं. तिथे वरचं कठीण आवरण नसतं, म्हणून कीड लवकर लागते, आणि ती अशा कोपऱ्यात असते की आरशात दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसते. रुग्ण येतो तेव्हा चांगल्या दाताचं रूट कॅनाल करायची वेळ आलेली असते. एक दात लावायला गेलो आणि दुसरा धोक्यात आला, ही तक्रार खरी असते, पण ती टाळता येते.

दुसरा धोका इम्प्लांटला. मूळ दाताला हिरडीचे तंतू आडवे येऊन घट्ट बांधतात, इम्प्लांटभोवती ते नुसते समांतर उभे असतात. त्यामुळे तिथे जंतूंना खाली उतरायला अडथळा कमी. सुरुवातीला हिरडी लाल होते, ब्रश केला की रक्त येतं, तोंडाला वास येतो. या टप्प्यावर साफसफाईनं बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. पण हाड झिजायला लागलं की ते सहसा न दुखता झिजतं. शुगर असलेल्यांनी आणि तंबाखू, गुटखा, मिसरी सोडू न शकलेल्यांनी तर एक आठवडाही थांबू नये, कारण त्यांच्यात हे वेगानं वाढतं.

दवाखान्यात काय करतात

उपाय कशावर अवलंबून आहे? तुमची कॅप स्क्रूनं बसवली आहे की सिमेंटनं चिकटवली आहे, यावर. स्क्रूच्या कॅपला चावायच्या भागावर मधोमध भरलेलं छोटं गोल छिद्र असतं, नीट पाहिलं तर रंगात थोडा फरक दिसतो.

स्क्रूची कॅप असेल तर काम सरळ आहे. छिद्रावरचं फिलिंग काढायचं, त्याच्या खाली पांढऱ्या टेफ्लॉन टेपची बारीक गोळी असते ती ओढून काढायची, स्क्रू उलटा फिरवून कॅप हातात घ्यायची. सगळ्यांना भूल द्यावी लागत नाही. ती गोळी बाहेर आली की तिला बऱ्याचदा कुबट वास येतो आणि रुग्ण घाबरतो. आत काही सडलं असं समजू नका. मग कॅप स्वच्छ करून लॅबला जाते, तिच्या पुढच्या बाजूला सिरॅमिकचा थर चढवून भट्टीत भाजतात, आणि परत आल्यावर धाग्यानं सांधा तपासून स्क्रू पुन्हा आवळतात. आवळण्याचा जोर कंपनीनं ठरवून दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर. तो टॉर्क रेंचनं मोजूनच लावायचा असतो, हाताच्या अंदाजानं नाही. बरीच वर्षं तोंडात राहिलेली सिरॅमिकची कॅप भट्टीत घालण्याआधी सावकाश सुकवावी लागते, नाहीतर तडा जायची भीती असते, म्हणून 'आजच करून द्या' असा आग्रह धरू नका.

भट्टीत न घालता कॅपच्या बाजूला दवाखान्यातच कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, चढवता येतं. ते त्या दिवशीच होतं आणि स्वस्त पडतं. पण झिरकोनियासारख्या (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या) गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची पकड कमी, शिवाय ते लवकर झिजतं. तात्पुरता उपाय म्हणून ठीक.

सिमेंटची कॅप असेल तर ती अखंड निघेल याची खात्री नसते. कधी वरून छिद्र पाडून आतल्या स्क्रूपर्यंत जावं लागतं, कधी कापून नवी करावी लागते. अशा वेळी मी आधी शेजारच्या दाताकडे बघते. त्याच्या मागच्या बाजूला कीड असेल किंवा जुनं फिलिंग असेल तर तिथेच नवं फिलिंग फुगीर करून सांधा भरता येतो, इम्प्लांटला हात लावायची गरजच पडत नाही. मात्र पूर्ण चांगला, न किडलेला दात फक्त फट भरण्यासाठी कोरून कॅप घालू देऊ नका. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच तो विचार. नांदेड जिल्ह्यातल्या फ्लोराईडच्या पाण्याच्या गावांतून येणाऱ्यांच्या दातांवर डाग असतात, अशा दातांवर चिकटवलेलं फिलिंग टिकायला जास्त काळजी घ्यावी लागते. ते डॉक्टरांना आधीच सांगा.

सांधा भरताना तो गरजेपेक्षा जास्त घट्ट करून घेणं हा उपाय नाही. त्यानं कॅप पूर्ण खाली बसत नाही किंवा शेजारचा दात ठणकतो. सुरुवातीचा थोडा दाब चालतो, पण दोन-तीन दिवसांत तो ओसरला पाहिजे.

पुन्हा पडेल का?

पडू शकते. दात सरकायचे थांबत नाहीत, आपण फक्त त्या वेळची फट भरलेली असते. रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर, म्हणजे दातांवर बसणारा साचा, दात जागेवर धरून ठेवायला मदत करतो, आणि दात खाण्याची सवय असेल तर नाईट गार्ड, म्हणजे दात घासू न देणारी जाड पट्टी, लागतोच. पडलेली फट मात्र रिटेनरनं बुजत नाही, म्हणून आधी भरून घ्यायची आणि मग रिटेनर. पुढचा दात पडलेला असेल तर तोही बसवून घ्या, नाहीतर दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागेल.

सत्तरीच्या पुढच्या, सततच्या दगदगीला कंटाळलेल्या माणसाला मी कधी कधी फट न भरण्याचाच सल्ला देते. एका आजींच्या बाबतीत तसंच केलं. फट अगदी बारीक होती, म्हणून अन्न घट्ट बसायचं. ती कॅपच्या बाजूनं थोडी मोकळी करून दिली, आता अन्न बसत नाही, नुसतं निघून जातं, आणि बारीक ब्रश सहज फिरतो. बारीक फट मोठ्या फटीपेक्षा जास्त छळते, हे लोकांना लवकर खरं वाटत नाही.

घरी रोज रात्री दातांमधला बारीक ब्रश वापरा. तो वेगवेगळ्या जाडीचा मिळतो. घालताना दातांच्या अंगाला किंचित लागला पाहिजे पण जोर करायला लागू नये, ही त्याची खरी जाडी. कुठला घ्यायचा ते डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या. टाचणी, सुई, कर्कटक, मोडलेली काडी पूर्ण बंद. त्यानं हिरडी फाटते, आणि काडीचा तुकडा आत मोडून राहिलेला मी स्वतः काढलेला आहे.

इम्प्लांटचं कार्ड

आपल्या भागात हा प्रश्न चिघळतो त्यामागे एक साधं कारण आहे. माणूस इम्प्लांट बसवतो पुण्याला मुलाकडे राहून, किंवा हैदराबादला लेकीकडे असताना. मग गावी येतो. वर्षानं फट पडते आणि तो जिंतूरहून किंवा गंगाखेडहून माझ्याकडे येतो. मी विचारते, "काका, इम्प्लांट कुठल्या कंपनीचा?" काका म्हणतात, "चांगल्या कंपनीचा आहे म्हणाले होते." एवढ्यावर मला स्क्रू उघडता येत नाही. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याचा ड्रायव्हर वेगळा. षट्कोनी ड्रायव्हरसुद्धा १.२, १.२५, १.२७ मिलिमीटर असे जवळजवळच्या मापांचे असतात. डोळ्याला सारखेच दिसतात, पण चुकीचा घातला की स्क्रूचं डोकं घासून गोल होतं, आणि मग तो निघता निघत नाही. एक्स-रेवरून ओळखायचा प्रयत्न करतो, पण दरवेळी जमतंच असं नाही. अर्ध्या तासाच्या कामासाठी त्या माणसाला पुन्हा पुण्याची गाडी धरावी लागते.

इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेला असतो. तो स्टिकर लावलेलं कार्ड मागून घेणं हा तुमचा हक्क आहे. ज्यांचा इम्प्लांट आधीच बसलाय त्यांनी आज त्या दवाखान्यात फोन करा, सोबत हेही विचारा की कॅप स्क्रूची की सिमेंटची, स्क्रू किती टॉर्कवर आवळलाय, आणि कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा. त्या एक्स-रेशी ताडून पाहिलं तर हाड किती झिजलंय ते लगेच कळतं.

नवा इम्प्लांट बसवायचा असेल तर माझा आग्रह एवढाच: जिथे जागा आणि कोन परवानगी देतो तिथे स्क्रूची कॅप मागा. कॅप बसवून खुर्चीतून उठायच्या आधी दोन्ही बाजूंना धागा घालून दाखवायला सांगा. आणि पुढे दर सहा महिन्यांनी, घास अडकत नसला तरी, सांधा तपासून घ्या. खासगीत परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, लातूर, नांदेड आणि परभणीतही दंत महाविद्यालयं आहेत. जाताना आधार कार्डासोबत इम्प्लांटचं कार्डही घ्या, आणि शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठीसुद्धा.